द्वाहीपासून निशाणी पाचपर्यंत
बारामती-इंदापूरच्या मातीतून मनाई हुकमाचा एक शोध

बारामती किंवा इंदापूरच्या कोर्टाच्या आवारात अर्धा तास उभे राहिले, तर एक प्रश्न हमखास कानावर पडतो : ‘‘पाचचं काय झालं?’’ ज्याला माहीत नाही त्याला वाटावे, हा पाच वाजताच्या एस.टी.चा विषय असेल. पण विचारणारा निशाणी पाचबद्दल विचारत असतो. दाव्याच्या कागदांना कोर्टात क्रमाने निशाण्या पडतात, आणि आपल्याकडच्या दिवाणी न्यायालयांच्या रिवाजाप्रमाणे तूर्तातूर्त मनाईचा अर्ज पाचव्या क्रमांकावर बसतो. गावात त्यालाच ‘स्टे आणला’ म्हणतात. दावा बारा वर्षे चालेल, मालकी कोणाची ते नातवंडे ऐकतील. पण निशाणी पाचचा हुकूम झाला की गावाच्या लेखी निकाल लागलेला असतो.

मी वकील नाही. शाळा-कॉलेजात इतिहासही फारसा शिकलो नाही. गेली वीसेक वर्षे गॅझेटियर, जुने कायदे, निवाडे आणि लोकांच्या ट्रंकांमधले फेरफार वाचत आलो आहे. त्यातून एक गोष्ट मनात पक्की झाली. मनाई हुकूम वस्तू कोणाची हे ठरवत नाही. निकाल लागेपर्यंत कोणी थांबायचे, एवढेच तो ठरवतो. आणि आमच्या भागात थांबणे फुकट नसते. तोडीला आलेल्या उसाचा रस्ता तीन आठवडे बंद राहिला, तर टोळी दुसऱ्या फडावर निघून जाते आणि वाळणाऱ्या उसाचे वजन घटत राहते. थांबण्याचे ओझे कोणाच्या खांद्यावर टाकायचे याचे नियम कसे बदलत गेले, हा या लेखाचा विषय आहे.

इंग्रज येण्यापूर्वी आपल्याकडे मनाई नव्हती, असे समजण्याचे कारण नाही. मराठी अमदानीत ‘द्वाही’ किंवा ‘दुराही’ होती. आज आपण ‘अमक्याच्या नावाची द्वाही फिरली’ असे बोलतो तेव्हा डंका डोळ्यांसमोर येतो. पण या शब्दाची दुसरी बाजू बंदीची आहे. शेताच्या बांधावर, वतनाच्या तंट्यात एका पक्षाने राजाच्या नावाने दुराही घातली की दुसऱ्याने हातातले काम थांबवायचे आणि दोघांनी गोतापुढे किंवा दिवाणापुढे जायचे. यात लक्षात घेण्यासारखे हे की बंदी घालायला आधी न्यायाधीश लागत नसे. तक्रार करणारा माणूसच राजाचे नाव घेई. ते खोटेपणाने घेतले तर तो सरकारचा गुन्हेगार होई. धरण्याचीही जात तीच. सावकार किंवा त्याचा माणूस ऋणकोच्या दारात ठाण मांडून बसे आणि आतल्याला जेवणखाण, येणेजाणे अवघड करी. एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखावर १८१९ साली जो अहवाल लिहिला, त्यात तगाद्याचे आणि धरण्याचे वर्णन आहे. कंपनी सरकारला हा प्रकार रुचण्यासारखा नव्हता. थांबवण्याचा अधिकार माणसाच्या हातून काढून कोर्टाच्या हाती देणे, हा पुढच्या शंभर वर्षांच्या कायद्यांचा एक धागाच आहे.

या धाग्याची एक गाठ इंदापुरात आहे. मनाई मागायची तर आधी ‘माझे’ कुठे संपते आणि ‘तुझे’ कुठे सुरू होते, हे कागदावर दाखवता यायला हवे. ती सोय मुंबई इलाख्यात पहिल्यांदा इंदापूर तालुक्याने पाहिली. प्रिंगलची आधीची मोजणी आणि तिच्यावरचा सारा तालुक्याला झेपला नव्हता. माणसे जमिनी टाकून गेली होती. मग गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनी नव्याने काम हाती घेतले आणि १८३६ साली इंदापुरात तीस वर्षांच्या मुदतीची जमाबंदी लागू झाली. शेत हे एकक झाले, त्याला क्रमांक मिळाला, हद्दीला खुणा आल्या. सर्व्हे नंबर, पोटहिस्सा, हद्दीचा दगड हे शब्द आज आपण असे वापरतो की ते ज्ञानेश्वरांच्या काळापासून असावेत. त्यांचे वय दोनशे वर्षेही नाही. बांध पूर्वीही होता आणि बांध कोरणाराही होता. पण नांगराचे एक तास जास्त मारले की ते नेमके कोणत्या नंबरातून कोणत्या नंबरात गेले, हे सांगता येण्याची सोय तेव्हापासूनची. भांडणांना मोजमाप मिळाले असे म्हणा हवे तर.

ही तीस वर्षे संपताच १८६६-६७ मध्ये फेरजमाबंदी आली, तीही सुरुवातीला इंदापुरातच, आणि सारा चांगलाच चढला. त्याच सुमारास अमेरिकेतले यादवी युद्ध संपून कापसाचे चढे भाव उतरले होते. कर्ज वाढले, सावकाराचे दावे वाढले. १२ मे १८७५ या दिवशी सुप्याच्या बाजारात जे झाले, ते शाळेच्या पुस्तकात ‘दख्खनचे दंगे’ म्हणून दोन ओळींत उरकले जाते. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते, आज ते बारामती तालुक्यात आहे. लोकांनी वाण्यांची दुकाने फोडली, पण त्यांचा खरा रोख कागदांवर होता. खतावण्या, कर्जरोखे, हुकूमनामे यांची होळी झाली. धान्य लुटणारा माणूस भुकेला असतो. कागद जाळणारा कोर्टाला वैतागलेला असतो. हा माझा अर्थ, पण त्याला आधार आहे. दंग्यांनंतर नेमलेल्या आयोगासमोर जे आले, त्यात एकतर्फी हुकूमनाम्यांची तक्रार मोठी होती. समन्स निघे, कुणबी कधी भीतीने, कधी अज्ञानाने, कधी बैलाला सोडून पुण्यापर्यंत जाणे परवडत नाही म्हणून हजर होत नसे, सावकार रोखा पुढे करी आणि हुकूमनामा घेऊन परत येई.

त्यावर १८७९ सालचा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला, पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी. या कायद्याने न्यायाधीशाला दोन गोष्टी सांगितल्या. एक, रोख्यावरचा आकडा खरा धरून बसू नकोस, व्यवहाराचा मुळापासूनचा इतिहास तपास. दुसरी, प्रतिवादी शेतकऱ्याला समोर उभा कर आणि त्याची जबानी घे. दुसऱ्याचे ऐकल्याशिवाय हुकूम नको, हे तत्त्व न्यायशास्त्राच्या ग्रंथात लॅटिन भाषेत असते. आपल्याकडे ते सुप्याच्या होळीतून कायद्यात उतरले.

त्याच काळात सर्वसाधारण दिवाणी कायदाही आकार घेत होता. १८५९ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत तात्पुरत्या मनाईची तरतूद होती, १८७७ च्या विनिर्दिष्ट साहाय्य कायद्याने कायम मनाई केव्हा द्यायची ते सांगितले, आणि १९०८ च्या संहितेतला आदेश ३९ आजतागायत चालू आहे. १८७७ चा कायदा जाऊन १९६३ चा आला, तरी सांगाडा तोच राहिला.

पण शेतकऱ्याच्या दृष्टीने याहून जवळचे कोर्ट मामलेदाराचे. मुंबई इलाख्याने १८६४, १८७६ आणि शेवटी १९०६ असे तीनदा मामलेदार न्यायालयांचे कायदे केले. शेवटचा अजून जिवंत आहे. कोणी पाण्याचा नैसर्गिक प्रवाह अडवला, वहिवाटीचा रस्ता नांगरला, विहिरीचे किंवा पाटाचे पाणी तोडले, तर तहसीलदाराकडे दावा करता येतो. तो अडथळा काढायला लावू शकतो आणि अडथळा करू पाहणाऱ्याला मनाई करू शकतो. अट एकच मोठी : कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा यायला हवा. मालकी कोणाची, या प्रश्नात तहसीलदाराने शिरायचे नसते. काल जे चालू होते ते उद्या चालू राहू दे, एवढाच त्याचा अधिकार; पुढे दिवाणी न्यायालयाने वेगळे ठरवले तर तहसीलदाराचा हुकूम बाजूला पडतो. या हुकमावर अपील नाही, फक्त फेरतपासणी. १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा वाहू लागला, पुढे माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचे कारखाने उभे राहिले, आणि ज्या वाटेने बैल जायचा तिथून ट्रॅक्टर-ट्रॉली जाऊ लागली. वाट तीच, पण तिची किंमत शंभरपट झाली. म्हणून आजही आमच्या दोन्ही तहसील कचेऱ्यांत रस्ता केसचे ढीग असतात. लोकांचा एक घोटाळा इथे नेहमी होतो. असलेली वाट अडवली तर १९०६ च्या कायद्याचे कलम ५. वाटच नाही आणि बांधावरून नवी हवी, तर जमीन महसूल संहितेचे कलम १४३. चुकीच्या कलमाखाली अर्ज करून सहा महिने घालवले की पहिला दरवाजा बंद होतो.

मनाई हुकमाची ताकद आणि त्याचा धोका दोन्ही एकाच जागी पाहायचे, तर आमचा मुलूख सोडून कोकणात उतरावे लागते. मराठी मुलखात गाजलेला सर्वांत मोठा मनाई हुकूम महाडचा आहे आणि त्याची कागदपत्रे छापून उपलब्ध आहेत. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्यापूर्वी, १९२४ मध्येच, महाड नगरपालिकेने तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला होता. १९२७ च्या ऑगस्टमध्ये तो मागे घेतला गेला. डिसेंबरमध्ये सत्याग्रह जाहीर झाला. विरोधकांनी आधी जिल्हाधिकाऱ्याकडून बंदी मिळवण्याचा प्रयत्न केला. ती न मिळाल्यावर ते दिवाणी न्यायालयात गेले. १२ डिसेंबरला दावा दाखल झाला. तळे खाजगी आहे आणि अस्पृश्यांनी त्याला शिवायचे नाही ही प्राचीन वहिवाट आहे, असे वादींचे म्हणणे. दोन दिवसांनी, १४ डिसेंबरला, तूर्तातूर्त मनाई हुकूम निघाला. प्रतिवादींनी आणि त्यांच्या लोकांनी तळ्यावर जायचे नाही.

हजारो माणसे महाडला जमली होती. तुरुंगात जायची तयारी करून आलेली होती. हुकूम मोडायचा की पाळायचा यावर परिषदेत खल झाला, आणि आंबेडकरांनी तो पाळायचे ठरवले. त्यामागे विचार असा होता की सरकार अद्याप विरोधात उभे राहिलेले नाही, ते विरोधात जाईल असे पाऊल टाकू नये, आणि खटला लढून जिंकावा. मनुस्मृतीचे दहन २५ डिसेंबरला झाले. लोक तळ्याला वळसा घालून मिरवणुकीने गेले, पण पाण्याला कोणी हात लावला नाही. माझ्या मते त्या दिवशी पाणी न पिणे हे मार्चमध्ये पाणी पिण्यापेक्षा कठीण होते.

पुढचा हिशोब तारखांनीच मांडावा. २३ फेब्रुवारी १९२८ रोजी प्रतिवादींची बाजू ऐकून तात्पुरता मनाई हुकूम उठला. मूळ दाव्याचा निकाल ८ जून १९३१ ला लागला, वादी हरले. ठाण्याच्या जिल्हा न्यायालयातले अपील ३० जानेवारी १९३३ ला फेटाळले गेले. मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ ला वादींचे दुसरे अपील फेटाळले. तळे नगरपालिकेचे ठरले आणि वहिवाट अनादी असल्याचे सिद्ध झाले नाही. म्हणजे दावा शेवटपर्यंत खोटा ठरला, तरी दहा आठवडे तो हुकूम जिवंत होता, आणि त्या दहा आठवड्यांतच सत्याग्रहाचे दिवस येऊन गेले. वादींना जिंकायची गरज नव्हती. डिसेंबर निघून जाणे पुरेसे होते. आजही कित्येक अर्ज याच हिशोबाने पडतात : हंगाम निघून जावा, निवडणूक निघून जावी, लग्न निघून जावे.

या हिशोबाला आवर घालण्याच्या नादात महाराष्ट्राने एक प्रयोग केला, तो जाता जाता सांगतो. मुंबईत सरकारला नोटीस न देता दावे लावायचे, घाईने अंतरिम हुकूम मिळवायचा, आणि अधिकारकक्षेचा मुद्दा निघाला की दावा मागे घेऊन पुन्हा लावायचा, अशी रीत पडली होती. म्हणून १९७७ मध्ये दिवाणी संहितेला महाराष्ट्रापुरते कलम ९-अ जोडले गेले : मनाईच्या सुनावणीतच अधिकारकक्षेचा प्रश्न आधी सोडवा. परिणाम उलटाच झाला. तो आधीचा प्रश्नच वर्षानुवर्षे चाले आणि तोवर अंतरिम हुकूम टिकून राही. २०१८ मध्ये हे कलम गेले.

आता आजची पद्धत. मनाईचा अर्ज एकटा करता येत नाही. त्याच्याबरोबर दावा लागतो, योग्य कोर्ट फी लागते आणि मजकूर खरा असल्याचे प्रतिज्ञापत्र लागते. न्यायाधीश तीन गोष्टी पाहतो : सकृतदर्शनी बाजू, सोयी-गैरसोयीचा तोल, आणि हुकूम न दिल्यास पैशाने भरून न येणारे नुकसान. आमचे लोक सातबारा घेऊन जातात आणि त्यालाच सर्वस्व समजतात. सातबारा महसुली नोंद आहे. तिच्यामागे कायद्याचे अनुमान असते, पण ते खोडता येते, आणि सातबारावर बांध दिसत नाही. हद्दीचा वाद असेल तर भूमी अभिलेखाची मोजणी आणि तिचा नकाशा हवा, नाहीतर कोर्ट कमिशनसाठी वेगळा अर्ज. भावाभावांत एकत्र जमीन असेल तर ‘त्याला शेतात येऊ देऊ नका’ अशी मनाई सहसा मिळत नाही, कारण कण्याकण्यात दोघांचा हिस्सा असतो. तिथे वाटपाचा दावा करून ‘विकू नये, गहाण टाकू नये’ एवढी मनाई मागणे शहाणपणाचे.

समोरच्याला नोटीस न देता हुकूम हवा असेल, तर वेळ का नाही ते अर्जात लिहावे लागते आणि न्यायाधीशालाही कारणे नोंदवावी लागतात. असा एकतर्फी हुकूम मिळाला की अर्ज, दावा आणि कागदांच्या प्रती लगेच समोरच्याला पाठवायच्या आणि त्याच किंवा दुसऱ्या दिवशी तसे प्रतिज्ञापत्र द्यायचे. ही तरतूद १९७६ च्या दुरुस्तीत आली, आणि अर्ज तीस दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, नाही जमले तर कारणे लिहावीत, हेही तेव्हाच आले. सुप्याचा कुणबी आणि महाडचे प्रतिवादी यांना जी उणीव भोवली, ती भरायचा हा प्रयत्न. हुकूम चुकीचा वाटला तर तो देणाऱ्याच न्यायालयात उठवण्याचा अर्ज चालतो. अपील जिल्हा न्यायालयात, आणि ते बारामतीत बसत असल्याने पुण्याची वारी टळली आहे. ज्याला कुणकुण लागली आहे की आपल्यावर दावा येणार, त्याने आधीच कॅव्हेट टाकावे. ते नव्वद दिवस टिकते आणि तेवढ्या काळात त्याला न कळवता हुकूम होत नाही. माझ्या मते या सगळ्या कायद्यात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट हीच.

हुकूम मोडला तर मालमत्ता जप्त होऊ शकते आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. पण त्यासाठी पुन्हा वेगळा अर्ज, पुन्हा पुरावा. पोलीस ठाण्यात गेलात तर ‘दिवाणी बाब आहे’ हे वाक्य ऐकायला मिळते. दिवाणी मनाईचे खरे दुबळेपण इथे आहे. बांधाच्या भांडणात ते खपूनही जाईल. पण थांबवायचा आहे तो घरातला हात असेल तेव्हा?

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा, जो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे, तो मला या इतिहासातला सर्वांत मोठा बदल वाटतो. यात मागणी दिवाणी स्वरूपाची आहे : मारू नये, कामाच्या जागी येऊ नये, संपर्क करू नये, राहत्या घरातून हुसकावू नये. पण ती दंडाधिकाऱ्याकडे मागायची, आणि मिळालेला संरक्षण आदेश मोडला तर तो दखलपात्र गुन्हा : एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांच्या आत आणि निकाल साठ दिवसांत देण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा सांगतो. प्रतिज्ञापत्रावर एकतर्फी अंतरिम आदेशही देता येतो. सातबाऱ्यावर नाव नाही, घर सासऱ्याचे आहे, म्हणून दिवाणी दाव्यात जिचे सकृतदर्शनी काहीच दिसले नसते, तिलाही सामायिक घरात राहण्याचा हक्क मागता येतो. अर्ज ती स्वतः करू शकते किंवा तिच्या वतीने संरक्षण अधिकारी. आणि ती तात्पुरती जिथे राहते तिथल्या न्यायालयातही तो चालतो. इंदापूर तालुक्यात दिलेली लेक बारामतीला माहेरी परतली असेल, तर तिने बारामतीच्या न्यायालयात अर्ज द्यावा. आदेशाची प्रत तिला विनामूल्य मिळते, आणि एक प्रत तिच्या भागातल्या पोलीस ठाण्याला जाते.